शालीवरचा डाग

कपाट आवरताना ती शाल हाताला लागली. तिच्यावरचा आयोडीनचा तपकिरी डाग अजून तसाच आहे, आणि कर्जतच्या चर्चच्या हॉलमधली ती दुपार आठवली. बदली झालेल्या फादरांचा निरोप समारंभ होता. चौथा वक्ता त्यांना दीपस्तंभ म्हणत होता, समुद्र आमच्यापासून बराच लांब असला तरी. आणि फादरांची खुर्ची रिकामी होती. शाल पांघरवायचं काम माझ्याकडे, म्हणून त्यांना शोधत मी मागच्या ओट्यावर गेलो. तिथे डोंगरातल्या वाडीवरची एक म्हातारी बसली होती. तिच्या पायाची चिघळलेली जखम फादर दर आठवड्याला बांधत. त्या दिवशी त्यांनी पट्टी नव्या फादरांच्या हातात दिली होती. म्हातारीने पाय आखडून घेतला. "याला नाय देनार पाय. हात बघा कसा थरथरतोय. तुमी नाय, तर मी पन नाय येनार." ती उठायलाच लागली. फादर घाईने म्हणाले, "माझाही थरथरायचा, आजी. तुम्हीच शिव्या घालून शिकवलंत." ती घुटमळली, मग नव्या फादरांना म्हणाली, "बस रं खाली. आनि दाबू नको." फादरांनी माझ्या हातातली शाल घेतली आणि घडी करून तिच्या पायाखाली सरकवली. आत टाळ्या वाजत होत्या. डाग निघेना, म्हणून शाल माझ्याकडेच राहिली. चर्च माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. पुढच्या आठवड्यात म्हातारी आली का, हे बघायला मी गेलो नाही, आणि शाल परत ठेवताना दर वेळी तेवढंच टोचतं.