आईचं माहेर आणि एक वाकडी भिंत

मी जुन्नरला एका शाळेत नववी-दहावीला भूमिती शिकवते. सिद्ध केल्याशिवाय काही मान्य करायचं नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली. या सदरातले अद्भुत अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगते, बहुतेकदा हसण्यासाठी. आज माझीच पाळी आली आहे... तेव्हा तुम्हीही खुशाल हसा.

आधी आईबद्दल. ती माझ्याकडेच राहते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, उजेड-अंधार तेवढा कळतो. तिचं माहेर डिंभे धरणात गेलं तेव्हा मी दुसरीत होते. मला त्या घरातलं आठवतं ते फक्त मामाचा खांदा आणि चिखल. आता मामाही नाही, फोटो नाही, काहीच नाही. चाळीस वर्षांची होती-नव्हती तेव्हापासून आईला जायला माहेर नव्हतं, आणि तिने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

तीन वर्षांपूर्वी तिला विसर पडायला लागला. आणि गंमत बघा, सगळं विसरली आणि माहेर तेवढं आठवलं! रोज संध्याकाळी पिशवीत दोन लुगडी भरून दारात बसायची – "मला माह्या घरला सोड." समजूत घातली की रडायची. एकदा तर रस्त्यातल्या कुणाला तरी हात धरायला लावून थेट एसटी स्टँड गाठलं आणि कंडक्टरकडे पाण्याखालच्या गावाचं तिकीट मागत उभी राहिली. त्या दिवसापासून शाळेत जाताना मी बाहेरून कुलूप लावायला लागले. जिने मला जन्म दिला तिला मी कोंडून ठेवत होते. कुलपाचा तो आवाज वर्गात शिकवतानाही कानात असायचा.

आमच्या स्टाफरूममधल्या एका बाईंनी मार्ग सुचवला. घोडेगावच्या पुढे, धरणाच्या पाण्याकाठी एका मिस्त्रीने दगडी खोल्या बांधल्यात, पर्यटकांसाठी, एकीसारखी दुसरी नाही. "त्यातली एखादी दाखवा आणि म्हणा, हेच तुमचं माहेर. त्यांना कुठं दिसतंय?" मला हे अजिबात पटलं नाही. पण कुलूपही पटत नव्हतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आईला गाडीत बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खोटं बोलायला निघाले.

धरण काठोकाठ भरलेलं होतं. दुपारचे तीन वाजले असतील. मिस्त्री पस्तिशीच्या आतला, मूळचा पारनेरकडचा, इथे जमीन घेऊन आठ वर्षं झालेली. नकाशा नाही, इंजिनिअर नाही... मनात येईल तसं बांधायचं. "या मावशी, सावकाश," म्हणत त्याने आईचा हात धरला.

पहिली खोली गोल, कणगीसारखी, वर गवताचं छप्पर. मी घसा साफ करून म्हटलं, "आई, हे बघ, आलं तुझं घर." आईने भिंतीवरून हात फिरवला. म्हणाली, ही कुणाची तरी कणगी दिसते, आत दाणे आहेत का बघ. दुसरी कासवासारखी. पाठीचे दगडसुद्धा कासवाच्या पाठीसारखे लावलेले. मला तर फार आवडली. आई आत वाकली, हुंगलं आणि बाहेर येऊन म्हणाली की असल्या बिळात माणसं राहत नसतात. तिसरीला भलीमोठी दगडी टोपी होती. तिथे ती पायरीवरच थांबली आणि म्हणाली, "बाय, तू मला फशिवतीस व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत फिरू या म्हणून मी वळले, तेवढ्यात आईने माझा हात सोडला.

चौथी खोली खाली, पाण्याला अगदी लागून होती. साधी, चौकोनी, चार खोल्यांत सगळ्यात कमी गमतीची. आई तिकडे चालायला लागली. काठी माझ्याच हातात होती! वाटेत दगड होते, उतार होता, आणि ती अशी चालत होती जशी मी आमच्या स्वयंपाकघरात अंधारात चालते. मी मागे धावले. दारापाशी पोचून ती थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "डोकं सांभाळ गं. बानं चौकट ठेंगणी ठिवलीया."

आणि ती खाली वाकून आत गेली. डोळस मी, माझं कपाळ चौकटीवर सणकून आपटलं.

मी कपाळ चोळत आत आले तोवर आईने कमरेची पानसुपारीची चंची काढून उजवीकडच्या कोनाड्यात ठेवली होती. चाचपडली नाही. हात गेला आणि कोनाडा तिथे होता. मग तिने भिंतीला हात लावून चालायला सुरुवात केली. पाण्याच्या बाजूची भिंत कोपऱ्यापर्यंत सरळ जात नव्हती. कोपऱ्याच्या दोन हात अलीकडेच ती आत वळली होती. भूमितीवालीच्या डोळ्यात खुपावी अशी वाकडी. आईने त्या वळणावर दोन्ही तळवे टेकले.

"हितं उंबर आडवा आला," ती म्हणाली. "गवंडी म्हनला तोडू. बा म्हनला, उंबर तोडायचा न्हाई, भिंत वाकू दे."

मी मिस्त्रीकडे पाहिलं. तो दारातच उभा होता, चेहऱ्यावर रंग नव्हता. मी त्याला दारातच उलटतपासणीला घेतलं, अगदी कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखं. हे घर कधी पाहिलं होतं का? कुणी सांगितलं होतं का? हा कोपरा असा का?

"ताई, ही भिंत मी तीनदा उभी केली," तो हळूच म्हणाला. "सांच्याला वळंब्याची दोरी सोडून बघितली की सरळ असायची. सकाळी बघावं तर पोट फुगल्यालं. चौथ्या बारीला म्हनलं, वाक बाई तुला कुठं वाकायचं तिथं... तवा बसली." चौकट ठेंगणी का, हे त्यालाही सांगता येईना. हात तेवढ्याच उंचीवर थांबला, म्हणाला.

आई मात्र त्या वळणापाशी पाय पसरून बसली होती आणि हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होती. माझ्याशी नव्हे. मला भीती नाही वाटली. पहिल्यांदा लेण्यात शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो ना, तसं काहीसं झालं होतं. मी रडत होते, हे मला नंतर कळलं.

तासाभराने आई उठली आणि उंबऱ्याशी उभी राहिली. हलेचना. मला कळेना काय हवंय. मिस्त्रीला कळलं. त्याने वरच्या घराकडे बघून बायकोला हाक मारली – "नारळ-तांदूळ घेऊन ये. आत्या निघाल्यात, वटी भरायची ऱ्हायली."

आल्यापासून तो तिला मावशी म्हणत होता. आत्या म्हणजे घरची लेक. आईने पदर पसरला आणि ओटी घेतली. घर तिचंच होतं!

तुम्ही म्हणाल, मिस्त्रीने उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर जुना पाया पाहिला असेल. मीही तेच म्हणत होते. म्हणून मे महिन्यात फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक आणि टेप घेऊन पाण्याबाहेर आलेल्या त्या गावात गेले. आईने सांगितल्याप्रमाणे जुन्या विहिरीपासून तिसरं घर. पाया दिसतच नव्हता, त्यावर हातभर गाळ बसलेला. मी आणि मिस्त्रीने फावड्याने तो काढला. भिंत कोपऱ्याच्या दोन हात अलीकडे वळत होती. कोन एकशे अडतीस अंश. वर मिस्त्रीच्या चौथ्या खोलीत जाऊन मोजला, तिथेही एकशे अडतीस. पायाच्या वळणाला बाहेरून चिकटून एक काळा बुंधा होता, इतकी वर्षं पाण्यात राहूनही न कुजलेला. मिस्त्रीने पायातल्या चपला काढल्या. मग मीही काढल्या.

आणि समजा, पाया त्याने पाहिलाही असेल. पण पायावरून कोनाडा कसा कळेल? चौकटीची उंची कशी कळेल? वर्गातल्या एखाद्या पोरीने असं सिद्धतेशिवाय उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

त्या दिवाळीपासून आईने पिशवी भरलेली नाही. संध्याकाळ झाली की म्हणते, "जाऊन आले की मी." कुलूप मी काढून टाकलंय. बाकीचा विसर वाढतोच आहे, कधीकधी मलाही ओळखत नाही. पण मे महिन्यात मी चिखलाने भरलेले पाय धुऊन तिच्याजवळ बसले आणि सांगितलं, आई, उंबर अजून आहे, मी भिंत मोजून आले.

तिने माझ्या कपाळावर हात ठेवला, जिथे चौकट लागली होती बरोबर तिथे.

"मोजाया कशाला गेलीस?" ती म्हणाली. "मी सांगितलं व्हतं की."