पॅरिसची सुरखी

चप्पल काढायची, उजव्या पायाची टाच कोर्टाच्या कडेला दाबायची, काहीतरी ऐकू येतंय अशी मान तिरकी करायची आणि मग सांगायचं, "नाय साहेब. अजून अर्धा घंटा."

आमच्या क्लबात या वाक्यावर अपील नव्हतं. हृदयरोगाचे डॉक्टर, दोन वकील, एक निवृत्त पोलीस अधिकारी असे सगळे पांढरे बूट घालून बाकावर ओळीनं बसून राहायचे. पाणी मारलेली माती मामांच्या मनासारखी वाळली, की मगच जाळीचं दार उघडायचं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कागदावर शिपाई, पण त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही.

क्रांती चौकातून चालत दहा मिनिटांवर आमचा टेनिस क्लब. लाल मातीची दोन कोर्टं आणि ती सांभाळणारे मामा. त्यांना खरं नाव होतं, ते हजेरीच्या वहीत पडून असायचं. मी बँकेत नोकरीला आणि क्लबाचा सचिव. सचिव म्हणून मला एकच काम होतं, मामांना काय वाटतं ते कार्यकारिणीला कळवणं.

आमच्या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं हे तुम्हाला सांगायला नको. क्लबाच्या बोअरचं पाणी मामा घरच्या दुधासारखं वापरायचे. एकदा एका सभासदानं त्या पाण्यानं आपली गाडी धुतली.  पुढचे चार दिवस नेमकं त्याच सभासदाच्या वेळेला कोर्ट ओलं असायचं.

मग एका वर्षी माती उखडून हिरवा कृत्रिम गालिचा टाकायची टूम निघाली. पाणी नको, रोलर नको, बाकावर बसून राहणं नको. ठराव तयार झाला, मतदान जूनमध्ये ठरलं. मामांच्या कानावर गेलंच. त्यांनी मला एवढंच विचारलं की मोठे मोठे खेळाडूही आता गालिच्यावरच खेळतात का. मी सांगितलं, पॅरिसला अजून मातीवर खेळतात, मातीवरची जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा तिथंच होते.

"मग बगून यावं लागंल," मामा म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत.

झालं असं होतं, की मामांची लेक प्रज्ञा शिष्यवृत्तीवर पॅरिसला शिकायला गेली होती आणि तिथंच नोकरीला लागली होती. दोन वर्षं ती बापाला बोलवत होती आणि मातीला पाणी कोण मारणार, असं म्हणून बाप टाळत होता. आता बापानंच विचारल्यावर तिनं स्पर्धेच्या तिकिटांच्या सोडतीत नाव घातलं आणि एका दिवसाची तीन तिकिटं लागली. एक तिचं, एक मामांचं आणि एक जास्तीचं.

ही बातमी फुटली आणि क्लबाचा नूरच पालटला. डॉक्टर घरून मामांसाठी इडल्या आणू लागले. पोलीस अधिकारी कोर्टात पाऊल टाकण्याआधी बुटाचे तळवे पायपुसण्यावर असे घासायचे, की पायपुसणं फाटलं. एका वकिलांनी तर रोलर ओढायला हात लावला आणि कमरेत उसण भरून घेतली. आठवडाभर मामांनी सगळ्यांच्या इडल्या खाल्ल्या आणि मग तिसरं तिकीट मला दिलं. मी कारण विचारलं.

"तुमी बॉलच्या मागं पळतच नाय," ते म्हणाले. "तुमच्या खेळानं मातीला काडीचा तरास नाय."

तर अशा पात्रतेवर मी पॅरिसला गेलो.

मे महिन्यात आपल्याकडे डांबर वितळतं आणि तिथं मामांनी स्वेटरवर मफलर गुंडाळला होता. स्टेडियमच्या पायऱ्या चढून वर आलो आणि खाली तो लाल चौकोन दिसला. मला, खोटं कशाला सांगू, भरून आलं. आयुष्यभर टीव्हीवर पाहिलेली जागा. मामा मात्र कठड्याला रेलून कोपरान् कोपरा न्याहाळत होते. थोड्या वेळानं म्हणाले, उतार बरोबर काढलाय. त्यांच्या तोंडून इतकी स्तुती मी आमच्या क्लबात कधी ऐकली नव्हती.

सामना सुरू झाला. आता तुम्ही म्हणाल, काय सामना पाहिला. मला अर्धाच आठवतो, कारण मी मामांकडे पाहत होतो. मातीवर खेळाडू घसरत जाऊन चेंडू मारतात, आणि प्रत्येक घसरणीला दोन हात लांब चर पडायचा. चर पडला की मामा कण्हायचे. लोक टाळ्या वाजवताहेत आणि मामा कण्हताहेत. शेजारी मोठी टोपी घातलेली एक फ्रेंच बाई बसली होती. तिला वाटलं, हा माणूस हरणाऱ्या खेळाडूचा बाप असावा. तिनं सांत्वन म्हणून पर्समधून पुदिन्याच्या गोळ्या काढून दिल्या. मामांनी दोन घेतल्या, एक मला दिली.

सेट संपला. खेळाडू खुर्च्यांवर बसले आणि चर बुजवायच्या मोठ्या जाळ्या ओढत मैदान सांभाळणारी माणसं आत आली. कडेपासून सुरू करून गोल गोल आत, एका लयीत. मामा ताडकन उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये एकटेच. प्रज्ञानं त्यांचा स्वेटर ओढला. पण टोपीवाल्या बाईला काय वाटलं कोण जाणे, तीही उठली. मग आमची रांग, मग पुढची. जाळी ओढणाऱ्यांपैकी एकानं वर पाहिलं, आजूबाजूला कोणी खेळाडू तर आला नाही ना याची खात्री केली, आणि बिचकत हात हलवला. मामा खाली बसले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

दुपारी आम्ही मागच्या छोट्या कोर्टांकडे गेलो. तिथं माणूस कोर्टाच्या अगदी कडेपर्यंत जाऊ शकतो. सामना नुकताच संपला होता आणि साठीची एक बाई नळीनं पाणी मारत होती. मामा कठड्याजवळ उकिडवे बसले. बाईनं पाहिलं. मामांनी हातानं विचारलं, दिवसातून किती वेळा. तिनं बोटं दाखवली. मामांनी आपली बोटं दाखवली, ती तिच्याहून बरीच कमी होती. तिनं भुवया उंचावल्या. मग मामांनी विचारलं, म्हणजे हातानंच, की ही माती खाली किती खोल आहे. बाई हसली, नळी बाजूला ठेवून कडेला आली आणि अंगठ्यानं जमीन खरवडली. लाल थर नखाएवढाच. खाली पांढरं.

प्रज्ञानं तिचं बोलणं ऐकून सांगितलं, "बाबा, ही माती नाय. खाली चुनखडी हाय. वरून नुसता विटांचा भुगा."

बाईनं चिमूटभर भुगा मामांच्या तळहातावर ठेवला. मामांनी तो बोटानं चोळला, नाकाजवळ नेला.

"सुरखी," ते म्हणाले. "साहेब, ही तर सुरखी हाय."

आणि ते हसायला लागले. असे हसले, की कठडा धरावा लागला, डोळ्यांतून पाणी आलं, उचकी लागली. बाईला काही कळेना, पण तीही हसू लागली. मग प्रज्ञा, मग मी. पाणी पिऊन उचकी थांबल्यावर मामा सांगू लागले.

"आमची आई सुरखी कुटायची. खुलताबादंला जुन्या इमारतीची डागडुजी चालायची, चुन्यात घालायला सुरखी लागायची. दिवसभर उखळात विटा. सांजच्याला घरी यायची ती डोक्यापासून पायापर्यंत लाल. शाळंतली पोरं तिला बघून हसायची." त्यांनी बोटाला लागलेला भुगा पाहिला. "मी बी लाजायचो. ती रस्त्यात दिसली का मी दुसऱ्या गल्लीनं जायचो."

प्रज्ञानं ही आजी पाहिलेली नव्हती आणि ही गोष्टही ऐकलेली नव्हती. ती बापाशेजारी उकिडवी बसली. तिकडे मोठ्या स्टेडियममध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आन् आज बगा," मामा म्हणाले, "दुनिया तिकीट काढून बघायलीय."

प्रज्ञानं ते सगळं त्या बाईला फ्रेंचमध्ये सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं, मग नळी उचलून सरळ मामांच्या हातात दिली आणि कठड्याचं फाटक उघडलं. नियमात बसलं असतं की नाही मला माहीत नाही. मामांनी बूट-मोजे काढले, पायजमा वर खोचला आणि कोर्टाच्या एका कोपऱ्याला पाणी मारलं. दोन मिनिटं असतील. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून, नेहमीसारखं, धुकं पडावं तसं. बाई हाताची घडी घालून पाहत होती आणि मान डोलावत होती.

जूनच्या सभेत मी ही हकीकत सांगितली. मामा सभेला आलेच नाहीत, रोलर चालवत होते. बराच वाद झाला आणि शेवटी एका कोर्टावर गालिचा आला, एकावर माती राहिली. उन्हाळ्यात गालिचा तव्यासारखा तापतो हे पुढच्या एप्रिलमध्ये सगळ्यांना कळलं आणि बाकावर पुन्हा गर्दी झाली.

दोन वर्षांनी मामा निवृत्त झाले. त्या सकाळी डॉक्टरांनी हट्ट धरला, की मामांनी आज खेळायचं. इतक्या वर्षांत त्यांनी रॅकेट हातात धरलेली कोणी पाहिली नव्हती. समोर मला उभं केलं. मामा अनवाणी आले, रॅकेट पळीसारखी धरली, आणि मला एक गेम जिंकू दिला नाही. मारायचे हळूच, पण चेंडू कुठं उडतो, कुठं मरतो, हे त्या कोर्टावर त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? मी पहिल्यांदाच बॉलच्या मागं पळालो आणि पहिल्यांदाच पालथा पडलो. बाकावरची मंडळी पोट धरून हसत होती.

मग हार, पेढे, फोटो. मामा रोज निघताना नळाखाली पाय धुवून चपला घालायचे. त्या दिवशी त्यांनी पाय धुतले नाहीत. चपला हातात घेतल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि सिल्लोडच्या गाडीसाठी रिक्षात बसले. तिथं त्यांच्या भावाचं घर आहे.

कोर्टापासून फाटकापर्यंतच्या फरशीवर त्यांची लाल पावलं उमटली होती. आम्ही सगळे घरी निघालो, तेव्हा हृदयरोगाचे डॉक्टर, दोन वकील, निवृत्त पोलीस अधिकारी आणि मी, सगळे फरशीच्या कडेकडेनं चाललो होतो.