मोटर थांबली की जाग

सर्व ग्रामस्थांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, न्हावऱ्याच्या आमच्या शिवारात दिवसाढवळ्या पाणी चोरीला जात असून चोर माझ्याच सख्ख्या चुलत्याचा मुलगा आहे!

हे निवेदन मी मनातल्या मनात महिनाभर वाचत होतो. आमची विहीर सामाईक. एक दिवस माझी पाळी, एक दिवस चुलतभावाची. पाणी तळाला गेलेलं, त्यामुळे मी उपसलं नाही ते दुसऱ्या दिवशी आयतं त्याच्या कांद्याला. आणि नेमकं माझ्याच पाळीला, दुपारी मोटरच्या घरघरीत लिंबाखाली छान डोळा लागला की मोटर बंद! मी ताडकन् उठायचो, गोठ्याच्या भिंतीवरच्या स्टार्टरकडे धावायचो. तिथे बायको म्हशीखाली बसलेली.

"कोण आलंतं हितं?"

"कोण येतंय? चहा घ्या. डेअरीला दूध घालायचा टाइम झाला."

संशय वाढत गेला. चुलतभाऊ बांधावरून हसला की संशय. नाही हसला की जास्तच.

त्यात बायकोची तक्रार, हाका मारल्या तरी मला ऐकू येत नाहीत. म्हणून दौंडला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कान ठणठणीत निघाले. डॉक्टर म्हणाले, "झोपेतही कान उघडेच असतात. आत काय सोडायचं ते मेंदू ठरवतो. रोजचा आवाज तो बाजूला सारतो, त्यात बदल झाला की उठवतो." शेजारच्या रुळांवरून मालगाडी धडधडत गेली, तरी बाकावरचे एक आबा निवांत घोरत होते. माझी छाती फुगली. म्हणजे माझा मेंदू झोपेतही पाण्यावर पहारा देतो!

दुसऱ्याच दिवशी शिरूरहून भलंमोठं कुलूप आणलं आणि चुलतभावाला मुद्दाम बोलावून त्याच्यादेखत स्टार्टरची पेटी बंद करायला घेतली.

"दादा, कुलूप कशाला?"

"चोरासाठी. आयतं पाणी कुणाच्या कांद्याला जातंय, सांग बरं?"

त्याचा चेहरा पडला. "मला चोर म्हंता व्हय? मग आजपास्नं आपलं येणंजाणं बंद," म्हणून तो वळला.

तेवढ्यात बायको दुधाची बादली तशीच टाकून धावत आली.

"अवं, कुलूप नका लावू! शंभर हाका मारल्या तरी तुम्ही हालत न्हाई, मोटर बंद केली की लगेच उठताय. आता उठवू कशानं तुम्हास्नी?"