कोर्टाच्या गेटवर कोयता

मंडळी, नुकतीच घरी पोचलेय.

आज मुरबाडच्या कोर्टात बाबांच्या केसची तारीख होती. टोकावड्याकडच्या आमच्या गावात बांधावरून भांडण झालं आणि शेजारच्या काकांनी फिर्याद दिली, की बाबांनी कोयता दाखवून जिवे मारायची धमकी दिली.

गेटवर आमच्या वकीलबाई बाबांकडे बघून पांढऱ्याफटक पडल्या. "अहो, हे काय!"

बाबांच्या कमरेला मागे, लाकडी आकडीत कोयता! सकाळी भाताच्या राबासाठी, म्हणजे शेतात जाळायला, झाडांचा टहाळ तोडून तसेच एसटीत चढलेले. "रोजचाच हाय गो, ध्यानातच नाय आला."

एसटीत मी शेजारीच बसले होते. मलाही तो दिसला नव्हता.

"पळ, चहावाल्याकडे ठेवून ये. जजसाहेबांनी पाहिला तर संपलंच!" वकीलबाई माझ्यावरच खेकसल्या.

मग उलटतपासणीत त्यांनी काकांना विचारलं, "कोयता हातात होता की कमरेला?"

काकांनी एकदा बाबांकडे पाहिलं.

"कमरेला."

"आणि तुमच्या कमरेला तेव्हा काय होतं?"

"...कोयता."

निकाल अजून लागायचाय. पण येताना चहावाल्याकडचा कोयता बाबांनी कमरेला लावलाच नाही. "तुझ्या पिशवीत टाक," म्हणाले. गावात उतरल्यावर आकडीही सोडून माझ्या हातात दिली आणि जिथे प्रत्येकाच्या कमरेला कोयता असतो, त्या स्वतःच्याच गावातून खाली मान घालून घरी आले.

आता तुम्हीच सांगा, धमकी नक्की कोणाला मिळाली?