पडणारे सर

लेकीच्या पॉलिटेक्निकमध्ये पालकांना वर्कशॉप दाखवणार होते, म्हणून चोआ चू कांगच्या घरून एमआरटी मेट्रोनं गेले. सेफ्टी शिकवणारे सर साठीचे, चिनी, गोल पोटाचे. दारातच त्यांनी माझी ओढणी काढून खुंटीला लावायला सांगितली. मशीनला ओढण्या फार आवडतात, म्हणाले.

लेथ मशीन सुरू करून ते हसतखेळत माहिती देत होते. मध्येच "आय्या" म्हणत स्वतःचा हात धरून मशीनशेजारी कोसळले. मी तशीच त्यांच्याकडे धावले. लेक मात्र त्यांच्याकडे न बघता मशीनकडे गेली. मला तिचा रागच आला. माणूस पडलाय आणि हिला मशीनची पडलीय.

तिनं लाल बटण दाबलं. मशीन थांबलं. सरांनी पडल्यापडल्या एक डोळा उघडला.

"व्हेरी काइंड, मॅडम. बट मशीन रनिंग, यू ऑल्सो पेशंट, लाह."

सगळे हसले, मीही हसले. लेक धावली नाही याचा आता मला अभिमान वाटत होता.

ओढणी घेऊन निघाले तेव्हा पालकांची पुढची तुकडी दारात उभी होती. सर छोट्या झाडूनं लोखंडाचा कीस बाजूला सारत होते. पडायची जागा स्वच्छ करून घेत होते.