सिलोनच्या बाईचा हेवा

"बांगड्या कुणाच्या वाजल्या रे?" पाटील म्हणाला, आणि सगळी चावडी मागं वळली.

बांगड्या माझ्या होत्या. चुडाव्याजवळच्या आमच्या गावात नवी विहीर खोदायची होती. एक जागा ओढ्याकडची, आमच्या वस्तीजवळ. दुसरी पाटलाच्या घरामागची. ओढ्याकडची कुणाला पाहिजे, असं विचारल्यावर आमच्या वस्तीतल्या पुरुषांनी हात वर केले. बायका भिंतीआड उभ्या होत्या. पाणी मी वाहत होते. मीही हात वर केला.

"खाली घे हात. बायांचे हात मोजाया लागलो, तर उद्या म्हशीबी शिंगं वर करतील."

चावडी हसली. माझा नवराही हसला, खाली बघत. हसता हसता आमच्या पुरुषांचे हात खाली आले. जागा ठरली. पाटलाच्या घरामागची.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला स्टेशनात गेले. स्टेशनमास्तरांची बायको मद्रासकडची. तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. पातेलं पुढं करत म्हणाली, "मेरी बहन सिलोन में है. वहाँ औरतां वोट डालते. कौन्सिल में बी बैठते."

सिलोन म्हणजे लंका, हे तिनंच सांगितलं. एवढंसं बेट. आधी काही शिकलेल्या बायका गोऱ्या साहेबांच्या कमिटीपुढं गेल्या. मत मागितलं ते शिकलेल्यांपुरतंच. मिळालं साध्या बायकांनाही. तिच्या बहिणीला सही येत नव्हती. तिनं मत दिलं होतं. निवडणुकीला उभं राहायलाही बायकांना मोकळीक होती.

मी जळले. दुसरा शब्द नाही. त्या बाईचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. तिला भाकरी थापता येत नसेल, तिची सासू खाष्ट असेल, नवरा पीत असेल, असं मनाशी म्हणून पाहिलं. जळणं उतरेना. ती रांगेत उभी राहिली असेल. तिला कुणीतरी "पुढं या" म्हटलं असेल. मला "पुढं या" कुणी कधी म्हटलं नव्हतं. धारा काढताना, शेणी थापताना मला तीच दिसायची.

विहिरीचा नारळ फोडायच्या दिवशी पाटलीणबाई स्वतः दारात आल्या.

"चल गं. पूजेला पाच सवाष्णी लागतात, चारच झाल्यात."

"मी येणार न्हाई."

"अगं, विहिरीचं काम हाय!"

"म्हणूनच. जागा ठरवताना माझा हात नको होता. आता कुंकू लावायलाबी मिळायचा न्हाई."

"लय शानी झालीस. सांगू का नवऱ्याला?"

"सांगा. त्यो बी हसला होता तिथं."

त्या गेल्या. पाचवी दुसरी कुणी मिळाली. विहिरीला पाणी लागलं, आणि वस्तीतल्या बायकांना गाव ओलांडून जावं लागलं. अजून लागतं.

आता लोक म्हणतात, निजामाचं राज्य जाईल, इथंही मतं येतील. काही शहाणे म्हणतात, आधी शिकलेल्यांना द्यावं, जमीनवाल्यांना द्यावं, मग बायकांचं बघू. "बघू" म्हणू नका. शेण काढणारी, अंगठा उठवणारी, नवऱ्यानं टाकलेली, माझ्या वस्तीतली एकही बाई वगळली, तर मी त्या मतपेटीपुढं आडवी पडेन. आणि गावाच्या कारभाराला माणसं निवडायची झाली, की त्याच पाटलासमोर मी उभी राहणार. हरले, तर पुन्हा उभी राहणार.