सूर थांबल्यावरचं एक वाक्य

मुलाच्या लग्नात गाणंबजावणं भरपूर ठेवलं, ते हौसेनं नव्हे, भीतीनं. तो बोलताना अडखळायचा. गाताना अजिबात नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आमच्यात नवरी दारातून येते तेव्हा नवरा उभा राहून तिच्यासाठी हिब्रू गीत गातो आणि त्या सुरावर ती चालत येते. त्याची काळजी नव्हती. पण पुढं अंगठी घालताना एक हिब्रू वाक्य त्यानंच, साक्षीदारांना ऐकू जाईल असं म्हणायचं असतं; त्याशिवाय लग्न लागत नाही. त्या वाक्यानं माझी झोप उडवली होती.

"तिथं अडकलो आणि कोणी हसलं, तर मी निघून जाईन," असं तो म्हणाला होता. चेष्टेत नाही.

ते वाक्यही चालीत म्हण, असं मी सुचवून पाहिलं.

"मग जेवायला वाढा हेपण गाऊनच सांगू काय?" तो म्हणाला. विषय संपला.

कोल्हापुरात आमचं सिनेगॉग नाही, म्हणून मंगल कार्यालय घेतलं आणि इथलाच बँड ठरवला. नवऱ्याचं गाणं चालू असताना वाजवू नका, हे बँडमास्तरांना बजावलं. संपल्यावर काय, ते सांगायचं राहिलं.

गाणं त्यानं सुरेख म्हटलं. शेवटचा सूर थांबला आणि दारात बँड दणक्यात सुरू झाला. इथं मंगलाष्टकं संपली की बँड वाजतो. त्यांना वाटलं, लग्न लागलं. गावातल्या पाहुण्यांनी सवयीनं आणलेल्या अक्षता टाकल्या, काहीजण जेवायला उठलेसुद्धा. पुण्याहून प्रार्थना सांगायला आलेल्या हजानांनी हात वर करून सगळं थांबवलं. हॉलभर हशा पिकला.

मी नवरीच्या शेजारी सरकले.

हजानांनी द्राक्षरसाच्या प्याल्यावर आशीर्वाद म्हटला. मुलानं अंगठी धरली आणि पहिल्याच शब्दावर अडकला. मागं कोणीतरी अजून फिदीफिदी करत होतं. त्यानं दाराकडं पाहिलं.

नवरीनं बोट मागं घेतलं नाही. मी तिच्या शेजारीच होते, म्हणून ऐकू आलं.

"सावकाश," ती म्हणाली. "मला कुठं जायचंय?"

तो पुन्हा अडकला. मग एकेक शब्द करत शेवटपर्यंत गेला. साक्षीदारांनी माना डोलावल्या.

बऱ्याच वेळानं, सगळे आशीर्वाद आटोपल्यावर, बँडमास्तर माझ्यापाशी आले. "वहिनी, आता तरी लागलं न्हवं? वाजवू?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. हातानंच सांगितलं, वाजवा.